वांगं, मुळा, अळू

भुवनेश्वरी आली की घरातल्या भांड्यांनासुद्धा आपापली जागा आठवते, असं कमलाक्षी म्हणायची. अर्थात नणंद ओरत्तनाडूला परत गेल्यावर. आज चंपाषष्ठी, म्हणून वन्सं पहाटेच्या बसने येऊन दाखल झाल्या होत्या. हेडमिस्ट्रेसची खुर्ची सोडून बरीच वर्षं झाली तरी आवाज अजून प्रार्थनेच्या मैदानावरचाच होता, आणि सध्या तो गॅसवर भाजत असलेल्या वांग्यांचा समाचार घेत होता.

"देठ कां काढलीस? देठ धरून सोलायचं असतं. येवढी वर्षं झाली ह्या घरात येऊन!"

"वन्सं, गॅसवर देठ जळून जातो."

"आमच्या अम्मेचा जळत नव्हता."

कमलाक्षीने वांगं उलटं फिरवलं. सासूबाईंच्या देठाशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालं नव्हतं.

चातुर्मासात ह्या घरी वांगं शिजत नाही. आषाढी एकादशीला बंद होतं, ते आज खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मगच पानात यायचं. घरातल्या कुणीही जेजुरी पाहिलेली नव्हती, बाजरीला सगळे कंबूच म्हणत, आणि 'येळकोट' म्हणजे काय हे विचारलं असतं तर एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं असतं. पण वांग्याचा नेम तंजावरात आल्यापासून एका पिढीने मोडला नव्हता. आमची पोरं तमिळमध्ये भांडतात, इंग्रजीत पास होतात आणि मराठीत जेवतात, असं कमलाक्षीचा नवरा वेंकटरमण सांगायचा. ते खोटं नव्हतं.

कमलाक्षीचं लक्ष मात्र आज वांग्यात नव्हतं, दारात होतं. संशोधन केंद्रातल्या दिव्यश्री मॅडमनी काल फोन करून आज घरी येते म्हणून सांगितलं होतं. कशासाठी, ते सांगितलं नव्हतं. आणि वन्संना त्या केंद्राचा पत्ताच नव्हता.

लेकीचं, जननीचं, आजारपण वन्संपासून लपलेलं नव्हतं. ते कुणापासून लपणार होतं? दोन वर्षांपूर्वी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, पोरीला भिंतीपलीकडे नसलेल्या मैत्रिणींचे आवाज ऐकू येऊ लागले. त्या आपल्याबद्दल काय बोलतात ते ती रात्ररात्र ऐकत बसे. औषधांनी आवाज गेले. मागे राहिलं ते धुकं. वाक्य वाचायला घ्यावं, तर शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात निसटलेली. कॉफीला डिकॉक्शन दोनदा ओतावं आणि दूध विसरावं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, आवाजांवर औषध आहे, ह्या मंदावलेल्या विचारावर नाही, शोधताहेत. असाच एक शोध गावात चालू होता. नेहमीच्या औषधांसोबत एक नवी गोळी घ्यायची. निम्म्यांना खरी, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ. कुणाला कुठली, ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. दर महिन्याला जाऊन चाचण्या द्यायच्या. ऐकलेले शब्द आठवून सांगायचे, आकडे जोडायचे, एका मिनिटात सुचतील तितकी नावं घ्यायची. जननीने त्या माणसांना तासभर प्रश्न विचारले होते, आणि मग स्वतः सही केली होती. त्या सहीपायी पोरीचं भलं होऊ दे, असं कमलाक्षी देवाच्या फोटोला रोज एकदा सांगायची.

आणि परवाच पोरीने पेपरातली एक अख्खी बातमी आईला सांगितली होती. सुरुवात, मधलं आणि शेवट.

बाहेर स्कूटी थांबली.

*

वेंकटरमणने दिव्यश्री मॅडमना हॉलमध्ये बसवलं. मुलगी तिरुनेलवेलीकडची, वयाने जननीहून फार मोठी नसेल. साचलेल्या पाण्यातून येऊन साडीचा काठ भिजला होता, आणि तो पिळावा की नाही ह्या संकोचात ती होती. वेंकटरमणचा चेन्नईहून आलेला धाकटा भाऊ राजगोपाल लॅपटॉप मिटून समोर येऊन बसला. ह्याला कुठल्याही खोलीत बैठक चालू आहे असंच वाटतं.

"जरा खासगी होतं," दिव्यश्री तमिळमध्ये म्हणाली. "आधी जननीशी आणि तुम्हा दोघांशीच बोलते."

जननी आतून आली होती. ती भिंतीला टेकून उभी राहिली. "अस्क्यांसमोर सांगा, मॅडम," असं अर्धं मराठीत बोलून गेली, मग हसून तमिळमध्ये म्हणाली, "सगळ्यांसमोरच सांगा. नाहीतर नंतर चौघं चार गोष्टी करतील."

दिव्यश्रीने एकदा तिला पुन्हा विचारून घेतलं, आणि मग सांगितलं. मागच्या आठवड्यातल्या चाचणीत, भाज्यांची नावं सांगताना, जननी मध्येच भरकटली. कुणाला तरी बोलावू लागली, पुन्हा पुन्हा. मग मेंदूबद्दल काहीतरी म्हणाली. मग कुणाला तरी रडायला सांगितलं. खोलीत दोघींशिवाय कुणी नव्हतं. "आवाज परत आलेत असा डॉक्टरांचा अंदाज आहे. तसं असेल तर अभ्यासातली गोळी थांबवावी लागेल आणि जुन्या औषधाचा डोस वाढवावा लागेल. घरी तुम्हाला असं काही दिसलं का, हे विचारायला मी आले."

वेंकटरमण दिव्यश्रीच्या साडीच्या भिजलेल्या काठाकडे पाहत राहिला. त्याने जननीकडे पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

"कसला अभ्यास? कसली गोळी?" दारात भुवनेश्वरी उभी होती, हातात विळी नसून चिमटा होता एवढंच.

मग व्हायचं ते झालं.

"मला न सांगता! येथे मी स्थळासाठी कुंभकोणच्या सुब्रमण्यमला पोरगी त्रिच्चीत कोर्स करते म्हणून सांगटले, आणि तुम्ही तिला प्रयोगाला बसवलांत?"

"अक्का, उगे राहा जरा," वेंकटरमण म्हणाला.

"मी कां उगे राहू?"

"अक्काचं बरोबर आहे," राजगोपाल म्हणाला. भुवनेश्वरी आणि राजगोपाल ओरत्तनाडूच्या शेताच्या वाटणीपासून एका बाजूला कधी नव्हते, आज झाले. "आमची पोरगी काय उंदीर आहे? बंद म्हणजे बंद, आजपासून. अण्णा, तू तरी सही कशी करू दिलीस?"

"सही ह्यांची न्हवं," कमलाक्षी आतून येऊन म्हणाली. तिच्या हाताला वांग्याची काळी साल चिकटली होती. "सही तिची आहे. बंद करायचं की नाही तेही तिलाच विचारा, भावजी."

ह्या घरात आल्यापासून कमलाक्षीने दिराला उलटून बोलण्याची ही पहिली वेळ. 

सगळ्यांनी जननीकडे पाहिलं.

*

जननीला त्या खोलीतला पंखा आठवत होता. मॅडमच्या हातातलं घड्याळ. 'आता भाज्या सांगा' म्हटल्यावर आधी तमिळ नावं आली, भराभर, मग ती संपली, मग क्षणभर काहीच नाही. आणि मग कुठून तरी खोलातून, जिथे गेली दोन वर्षं दार बंद होतं तिथून, नावांमागून नावं आली. किती बरं वाटलं होतं. मिनिट संपलं तेव्हा ती हसत होती.

मी भाज्याच सांगत होते, हे तिच्या ओठांवर आलं. पण ते तिने गिळलं. भिंतीपलीकडे मैत्रिणी होत्या तेव्हाही तिला अशीच खात्री होती. तेव्हाही ती आईला शपथेवर सांगत होती. एकदा स्वतःच्याच कानांनी फसवलं की पुन्हा त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला जीभ उचलत नाही.

आणि वाढवलेला डोस तिला ठाऊक होता. दुपारपर्यंत झोप, जिभेला गोणपाट गुंडाळल्यासारखं, आणि पुन्हा ते धुकं.

"मला वाटतं मी भाज्या सांगत होते," ती हळूच म्हणाली. "पण मला नक्की ठाऊक नाही."

"पावम," भुवनेश्वरी पुटपुटली, आणि 'बिचारी' म्हणणाऱ्या त्या एका शब्दाने जननीला रडू आलं.

"डॉक्टरांना फोन करून मी घरच्यांचं म्हणणं कळवते," दिव्यश्री म्हणाली. तिलाही आता इथून निघायचं होतं, हे दिसत होतं.

एवढ्यात आतून जळका वास आला. भुवनेश्वरी चिमटा उगारून आत धावली, आणि तिथून तिचा मैदानी आवाज आला:

"अय्यो, वांगं! वांगं! अगे कमलाक्षी, वांगं!"

दिव्यश्री चटकन उठली. चपला दाराबाहेर काढलेल्या होत्याच. ती सरळ आत गेली, सोवळ्याच्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून, नैवेद्याच्या पानाशेजारी जाऊन उभी राहिली.

"काय झालं अम्मा? बोलावलंत?"

भुवनेश्वरीचं तोंड उघडं राहिलं. ह्या उंबऱ्याच्या आत राजगोपालची बायको लग्नानंतर वर्षभर आली नव्हती. अक्का आता काय बोलणार ह्या भीतीने वेंकटरमणने डोळे मिटले.

बोलली मात्र जननी. ती दारात आली होती, आणि तिच्या कपाळाला एक बारीक आठी पडली होती. कमलाक्षीने ती आठी ओळखली. गणित सुटत आलं की पोरीला लहानपणी ती पडायची. दोन वर्षांत दिसली नव्हती.

"मॅडम, तुम्ही आत कां आलात?"

"ह्यांनी हाक मारली ना. वांग, वांग म्हणाल्या."

तमिळमध्ये 'वांग' म्हणजे 'या'. घरी आलेल्या माणसाला दारात म्हणतात ते.

जननी पुढे झाली. टोपलीतलं एक न भाजलेलं वांगं तिने उचललं आणि दिव्यश्रीसमोर धरलं.

"हे काय आहे?"

"कत्तरिक्काय."

"आम्ही ह्याला वांगं म्हणतो."

 वांग्याचा धूर तेवढा वर चढत राहिला, आणि आज पहिल्यांदाच भुवनेश्वरीला तो दिसला नाही.

"चार महिने आम्ही हे खात नाही," जननी म्हणाली. ती आता भराभर बोलत होती, तमिळमध्ये, एका वाक्याला दुसरं जोडत. "खात नाही म्हणून आठवतं. तमिळ नावं संपली तेव्हा आधी हेच आठवलं. म्हणून दोन-तीनदा म्हणाले असेन. मी कुणाला बोलावत नव्हते. पुढे काय म्हणाले मी? मेंदूबद्दल?"

"तुम्ही 'मूळै' म्हणालात," दिव्यश्री म्हणाली. "मूळा, असं काहीतरी."

"मुळा! मुळ्ळंगी. मुळ्ळंगीला आम्ही मुळा म्हणतो."

"आणि मग," दिव्यश्रीचा आवाज बारीक झाला होता, "मग तुम्ही 'अळु' म्हणालात. रड, असं."

जननीने तोंडावर हात ठेवला. ती हसत होती की रडत होती ते कमलाक्षीला कळेना.

"अळू, मॅडम. शेप्पंकिळंगाची पानं. अम्मा त्याचं पातळ करते!"

दिव्यश्री तिथेच, सोवळ्यात, जमिनीवर बसली. "अय्यो," ती म्हणाली. "अय्यो. मी तीन भाज्यांचं काय करून ठेवलं!"

"मग आमचं अस्कं घरच वेडं म्हणायचं की!" भुवनेश्वरी एकदम कडाडली. "मी सकाळपासून किती वांगं वांगं म्हणते आहे, मोजा! मला पण डोस वाढवा!"

राजगोपाल आधी हसला. मग सगळेच.

"पण मातृभाषा तमिळ म्हणून सांगितलं होतं," दिव्यश्री म्हणाली. "पहिल्या दिवशी मीच विचारलं होतं. दुसरी भाषा आहे कळलं असतं, तर मी तेव्हाच चौकशी केली असती."

"कोण सांगटलं?" भुवनेश्वरीने विचारलं.

सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत वेंकटरमणवर येऊन थांबल्या. पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेला हा माणूस मोठमोठ्या इंजिनियरांसमोर कधी डगमगला नव्हता. आता तो धोतराचा काठ चाचपू लागला.

"मी सांगटलो," तो म्हणाला. "सवयीनं, अक्का. मराठी म्हटलं की विचारतात, बॉम्बेहून कधी आलात? नोकरीभर तेच. रांगेत मागे माणसं उभी, तेथे कोठे अस्कं सांगत बसायचं? म्हणून मी आपलं तमिळ म्हणून मोकळा होतो."

"मातृभाषा विचारली तर शेजाऱ्याची सांगटलास? शाब्बास!" भुवनेश्वरी म्हणाली. "आमचे लोक घोड्यावरून येथे आले. तू एका रांगेला भ्यालास."

वेंकटरमणला ते लागलं. पण त्याने जननीकडे पाहिलं, ह्या वेळी नीट पाहिलं, आणि त्याला दिसलं की पोरगी त्याच्यावर रागावलेली नाही. ती वांगं हातात धरून उभी होती, स्वतःच्या डोक्याने स्वतःला सोडवून आणलेली.  ह्या घराण्यात लढायांच्या पुष्कळ गोष्टी सांगतात. पण अशी एकटीने जिंकलेली त्याने डोळ्यांनी पाहिली ती ही पहिलीच.

*

दिव्यश्रीने अंगणात जाऊन डॉक्टरांना फोन केला. बराच वेळ लागला. भुवनेश्वरी खिडकीशी उभी राहून ऐकायचा प्रयत्न करत होती आणि मी ऐकत नाही असं दाखवत होती. तिला आत काहीतरी टोचत होतं. पोरीला 'पावम' म्हटल्यावर तिचा चेहरा कसा पडला होता, ते आठवत होतं. शाळेत असताना हुशार पोरांना कधी बिचारं म्हणू नये, हे तिनेच किती मास्तरणींना शिकवलं होतं.

दिव्यश्री आत आली. "काहीही थांबवायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. गोळी चालू, डोस आहे तोच. रेकॉर्डिंग पुन्हा ऐकायचं, मराठी जाणणारं कुणी तरी बाहेरचं घेऊन. सोमवारी ते जननीशी स्वतः बोलतील." मग तिने हात जोडले. "चूक माझी होती. शब्द कळला नाही, तर विचारायला हवं होतं."

"पण जननीनं किती नावं सांगटली?" कमलाक्षीला राहवलं नाही.

"आकडा सांगायची मला परवानगी नाही, अम्मा." दिव्यश्री क्षणभर थांबली. "पण लिहिता लिहिता मला कागद उलटा करावा लागला होता."

कमलाक्षीने पदर डोळ्यांना लावला आणि वर म्हणाली की धूर फार झालाय.

राजगोपालला मात्र अजून एक मुद्दा मांडायचा होता. बैठक संपल्यावर मुद्दा मांडणारा एक असतोच. "सरि, ठीक. पण ती गोळी पोकळ असली तर? सहा महिने फुकट?"

"असली तर मग अस्कं माझं मीच करले म्हणायचं, काका," जननी म्हणाली. "आणि खरी असली तर आणखी कोणा पोरीचं धुकं जाईल. दोन्हीकडे मीच आहे. मी राहते अभ्यासात. सही माझी आहे."

राजगोपालने मान डोलावली. "बेस," तो म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं.

नैवेद्य झाला. 'येळकोट' म्हणून सगळे ओरडले आणि केळीच्या पानांवर बसले. दिव्यश्रीला उठू देण्याचा प्रश्नच नव्हता. तिला भुवनेश्वरीने आपल्या शेजारी बसवलं आणि वाढताना प्रत्येक पदार्थाचं नाव मोठ्याने सांगितलं, शाळेत हजेरी घ्यावी तसं. हे भरीत. हा रोडगा. ही मुळ्याची कोशिंबीर, मेंदू न्हवं. दिव्यश्री हसता हसता ठसकली.

दुसरी वाढ चालू असताना भुवनेश्वरीचा फोन वाजला. कुंभकोणचा सुब्रमण्यम. स्थळाच्या घरचे पोरीला पाहायला कधी येऊ म्हणून विचारत होते.

जननी ताठ झाली. कमलाक्षीचा हात भरितात थांबला. त्रिच्चीचा कोर्स आता कुठवर ताणला जाणार, ते कुणालाच कळेना. भुवनेश्वरीने उजवा हात पानावर ठेवला, डाव्या हाताने फोन कानाला लावला, आणि शेजारच्या घरालाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागली.

"ऐक, सुब्रमण्यम. पोरगी त्रिच्चीत नाही. मी खोटं सांगटले तुला. येथेच आहे, माझ्यासमोर बसून वांगं खाते आहे. ती आजारी होती, डोक्यानं. आता औषध घेते. वर आणखी, ह्या आजारावर नवं औषध शोधतात त्यांत ती स्वतः उभी राहिली आहे. स्वतः सही करून. आज आम्हां अस्क्यांना, त्या केंद्राच्या लोकांनासुद्धा, जे कळलं नाही ते तिनं एकटीनं शोधून काढलं. अशी पोरगी आमच्या घरात दुसरी नाही. माझ्यासकट."

पलीकडून काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं.

"लग्न तिला कधी करायचं ते तीच सांगेल. पण माणसं यायची म्हणतात ना? अस्कं सांग त्यांना, एक शब्द गाळू नको. ऐकून ते येणार असले तर आमच्याकडून म्हण, वांग." तिने जननीकडे पाहिलं आणि पळी उचलली. "आणि न येणार असले तर भरीत आहे, ते आम्हीच खाऊ."